चार माणसांचं पाणी

३ फेब्रुवारी २०२५

आमच्या गारमेंटच्या शेठनं नव्या वर्षाला सगळ्यांना एकेक डायरी दिली होती. माझी महिनाभर पिशवीतच पडून होती. आज काढली, कारण आज कुणाशी तरी बोलायला हवं होतं आणि मायाक्का कामावर आली नव्हती.

खोली सोडायची आहे. भवानी पेठेतल्या या खोलीत मला चौदा वर्षं झाली. जुने मालक होते तोवर कुणी ब्र काढला नाही. ते गेले आणि पोरांनी इमारत विकून टाकली. आज थोरला येऊन सांगून गेला की एकतीस मार्चनंतर पाडायला घेणार, मावशी, तेवढं लवकर बघा. बोलणं इतकं गोड की मी त्याला चहा करून दिला. तो गेल्यावर लक्षात आलं, आपल्याला घराबाहेर काढणाऱ्याच्या चहात आपण दोन चमचे साखर जास्त घातली. माझं सगळं आयुष्य असंच गेलं आहे.

संध्याकाळी अजिंक्यला फोन केला. माझा एकुलता एक, पुण्याकडं चाकणला कंपनीत आहे. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मी म्हटलं, आता बघायचीच आहे तर जरा मोठी बघते, म्हणजे तुम्ही सगळे आलात की अडचण नको. गेल्या दिवाळीत तोच म्हणाला होता की पुण्यात परवडत नाही, सोलापूरलाच येऊन काहीतरी सुरू करावं. आज म्हणाला, "बघू आई, मे महिन्यात." मे म्हणजे माझ्या नातीची, ऋतुजाची, परीक्षा संपल्यावर. पोरगा पहिल्यापासून विचार करूनच बोलतो.

९ फेब्रुवारी, रविवार

सकाळपासून सहा घरं पाहिली. पाहिली म्हणजे बाहेरून पाहिली. आत एकाच ठिकाणी बोलावलं.

सगळीकडं तेच तीन प्रश्न. कोण कोण राहणार? मी एकटीच, म्हटलं की चेहरा बदलतो. मग, तुम्ही कुणापैकी? आम्ही धनगर, माहेर-सासर दोन्ही वेळापूरकडचं. मग, मटण-मच्छी चालतं का? इथपर्यंत आले की मला स्वतःच्या ताटाचीसुद्धा लाज वाटायला लागते. नवी पेठेच्या मागच्या बोळात एका बाईनं माझ्या मोकळ्या कपाळाकडं पाहिलं आणि म्हणाली, खोली गेली. ‘भाड्याने देणे आहे’ची पाटी तिच्या डोक्यावरच लोंबत होती. आणखी एक म्हातारा म्हणाला, एकट्या बाईला देतो की, का न देऊ, आणि असा हसला की मी खोली न बघताच जिना उतरले.

नवऱ्याला, हिंदुरावांना, जाऊन सहा वर्षं झाली. ते असते तर या लोकांनी मला बसायला पाट दिला असता. त्यांना काही बोलायचीही गरज पडली नसती, नुसते दारात बिडी ओढत उभे राहिले असते तरी चाललं असतं. जिवंत होते तेव्हा मी त्यांना रोज म्हणायची, तुमचा घराला काय उपयोग? आता उपयोग कळला, तर ऐकायला ते नाहीत.

१२ फेब्रुवारी

भाड्याचे आकडे ऐकून कानात दडे बसले. भाडं भरलं तर खायचं काय, आणि खाल्लं तर राहायचं कुठं, असा हिशोब आहे. शाळेच्या युनिफॉर्मची काजं करून माझे डोळे गेले, पण त्या शाळा ज्या गल्ल्यांत आहेत तिथं मला खोली परवडत नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

मायाक्कानं एक जागा शोधून काढली. मायाक्का माझ्याबरोबरच कामाला आहे, फोल्डिंगच्या टेबलावर. सांगोल्याकडची. तोंडानं फटकळ आहे, पण माझ्यासाठी दोन रविवार उन्हात फिरली.

जागा म्हणजे एका घराच्या गच्चीवरची पत्र्याची खोली. एक खिडकी, एक मोरी. मालक-मालकीण म्हातारी, शाळेत शिपाई होता तो. एकटी बाई असली तरी त्यांना चालणार होतं, उलट रात्री-अपरात्री सोबत होईल म्हणाले. भाडंही माझ्या आवाक्यातलं. मी नको म्हणून सांगितलं.

मायाक्का बघतच राहिली. खाली रस्त्यावर आल्यावर मी तिला समजावलं की पोरगा, सून, नात आल्यावर त्यांनी निजायचं कुठं? पत्र्याखाली पोरगी भाजून निघेल.

"वच्छला," ती म्हणाली, "खोली तुला बघायलोय का त्यास्नी?"

त्यांना म्हणजे मलाच की, मी म्हटलं. मग आम्ही उसाचा रस प्यायलो आणि ती रिक्षात तोंड फिरवून बसली. मायाक्काला मूलबाळ नाही. तिला कसं कळणार?

२७ फेब्रुवारी

मिळाली. अक्कलकोट रोडला, गावापासून लांब आत, म्हणून भाडं कसंबसं झेपणारं. एका ओळीत सहा खोल्या, समोर मोकळं अंगण, अंगणात एक नळ, आणि रस्त्याच्या बाजूला मालकिणीचं दुमजली घर. मालकीण दाक्षायणीबाई. सगळं कंपाउंड त्यांना अव्वा म्हणतं. साठी उलटलेली, कपाळाला विभूतीचे पट्टे, मराठी बोलता बोलता मध्येच कानडीत शिरतात आणि तुम्हाला कळलं असं धरूनच परत येतात.

मटण नाही, अंडंसुद्धा नाही, हे पहिल्यांदा सांगितलं. मी हो म्हटलं. मायाक्काच्या घरी जाऊन खाता येईल. मग मला नळापाशी नेलं. नळामागच्या भिंतीवर खोल्यांचे नंबर लिहिलेत आणि प्रत्येक नंबरापुढं खडूच्या रेघा. जितकी माणसं तितक्या रेघा. पाणी पाच दिवसांनी येतं, ते दीड-दोन तास. माणशी चार घागरी. जास्ती न्हाय, कमी न्हाय, असं त्यांनी दोनदा बजावलं. एक नंबरला पाच, दोन नंबरला चार, तीन नंबरला सहा रेघा होत्या. चार नंबरपुढची जागा ओल्या फडक्यानं पुसलेली होती.

मग सांगायला लागल्या की मागं इथं एक एकटी बाई ठेवली होती. पाणी यायचं तेव्हा दाराला कुलूप, आणि रात्री आली की सगळ्यांशी भांडण. तेव्हापासून एकट्या माणसाला खोली द्यायची नाही असं ठरवलंय.

"तुमी किती?" त्यांनी खडू उचलून विचारलं.

"चार," मी म्हणाले.

नावं सांगितली. मी, मुलगा अजिंक्य, सून अंकिता, नात ऋतुजा. आत्ता पुण्याला आहेत, मे महिन्यात येणार. त्यांनी चार रेघा ओढल्या. मी खोटं बोलले असं मला वाटत नाही. मे काय, डोळे मिटून उघडेपर्यंत येतो.

एक गोष्ट मात्र खटकली. यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर तीन खोल्या आहेत आणि तिन्ही कुलपात. मुलासाठी ठेवल्यात म्हणे. मृत्युंजय नाव त्याचं, बेंगळुरूला असतो, पाच वर्षांत दोनदा आला. बाई दर सोमवारी वर जाऊन झाडून-पुसून येतात. शहरभर आम्ही खोलीसाठी वणवण करतोय आणि इथं तीन खोल्या एका न येणाऱ्या माणसासाठी रिकाम्या. या बाईला समजावणारं कुणी नाही का?

२३ मार्च, रविवार

सामान हललं. एका टेंपोत सगळं बसलं आणि वर जागा उरली. टेंपोवाला म्हणाला, मावशी, एवढंच? मायाक्का आली होती. रुसवा होता तो तिनं भांडी आदळून काढला, पण चूल-शेगडी लावून देऊन मगच गेली.

शेजारच्या तीन नंबरमध्ये मल्लव्वा राहते. नवरा सेंट्रिंगच्या कामावर, तीन पोरं आणि सासू. मल्लव्वाला मराठी बेताचंच येतं, पण हसते छान. तिनं पहिल्याच दिवशी विचारलं, बाकीचे कुठं? येणार आहेत, मी सांगितलं. जुन्या खोलीच्या दुप्पट मोठी आहे ही. बोललं की आवाज थोडा घुमतो. माणसं आली की घुमायचा नाही.

२६ मार्च

पहिलं पाणी. सकाळी साडेसहाला आलं. दाक्षायणीबाई नळाशेजारी खुर्ची टाकून बसतात आणि नंबर पुकारतात. एक नंबर, पाच. दोन नंबर, चार. बायका भराभरा घागरी लावतात, कुणी हूं की चूं करत नाही. कोर्टातसुद्धा इतकी शिस्त नसेल.

"चार नंबर, चार."

सोळा घागरी. परवाच जुन्या बाजारातून एक निळं पिंप आणलं होतं, ते भरलं, दोन हंडे भरले, बादल्या भरल्या, शेवटी पातेलीसुद्धा भरली. खांदे भरून आले. कामावर पोचायला उशीर झाला आणि अर्धा दिवस मांडला. शाळांचा सीझन आहे, सुपरवायझर करवादला.

पण खरं सांगायचं तर त्यांनी चार म्हटलं तेव्हा मला बरं वाटलं. फार बरं वाटलं. माझ्या मागं तिघं उभी आहेत असं वाटलं. सहा वर्षांत मला कुणी मोजताना एकाहून जास्त मोजलं नव्हतं.

३० मार्च, पाडवा

गुढी उभारली. अजिंक्यला फोन केला तर अंकितानं उचलला, तो झोपलाय म्हणाली. मी तिला खोलीचं सांगितलं, भिंतीला निळा रंग आहे, पिंप मोठं घेतलंय, पाण्याची अडचण नाही. ती म्हणाली, "हो का." कामात असेल. सणाचा दिवस, स्वयंपाक चालू असणार.

१२ एप्रिल

ऊन असं की नळाला हात लावला तरी चटका बसतो. पाणी आता सहाव्या दिवशी. दाक्षायणीबाईंनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, घागरी तेवढ्याच, पुरवा.

दुपारी मल्लव्वा घागर घेऊन दारात आली. सासूला जुलाब होतायत, पोरांच्या अंगावर घामोळं उठलंय, दोन घागरी दे म्हणाली. पुढच्या पाण्याला परत करते. मी पिंपाकडं पाहिलं. गळ्यापर्यंत भरलेलं होतं. पण मी विचार केला, ही मंडळी कुठल्याही दिवशी येतील, पुण्याला रोज पाण्याची सवय, आल्या आल्या आंघोळीला पाणी नसलं तर अंकिता काय म्हणेल? मी मल्लव्वाला म्हटलं, आमचीच चार माणसं आहेत गं, मला नाही जमायचं.

तिनं माझ्या खांद्यावरून आत पाहिलं. आत तिला काय दिसलं कोण जाणे. घागर तशीच उचलून गेली. नंतर तिच्या सासूला बरं वाटलं का ते विचारायचं राहून गेलं.

१९ एप्रिल

आज फार वाईट झालं. डासांच्या अळ्या तपासायला दोन बाया आणि एक माणूस घरोघर फिरत होते. बॅटरी मारून माझ्या पिंपात पाहिलं. अळ्या वळवळत होत्या. मला त्या दिसल्या नव्हत्या, चष्म्याशिवाय मला आतलं काय दिसणार? किती दिवसांचं पाणी आहे म्हणाले. मी म्हटलं, वरून वापरते, वरून भरते. तळ कधी मोकळा झाला? आठवेना. झालाच नव्हता.

त्या माणसानं पिंप अंगणात ओढलं आणि आडवं केलं. सगळं पाणी धो धो गटाराकडं गेलं. सहाही खोल्यांच्या बायका दारात आल्या. मल्लव्वाचं धाकटं पोर धावत येऊन त्या पाण्यात दोन्ही पाय बुडवून उभं राहिलं आणि हसायला लागलं. मल्लव्वानं त्याला दंडाला धरून आत नेलं. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. शिव्या दिल्या असत्या तर मीही दोन दिल्या असत्या, बरं वाटलं असतं.

मग दाक्षायणीबाई आल्या. आडव्या पिंपाकडं बघत उभ्या राहिल्या आणि विचारलं, कधी येणार तुझी मानसं? मी म्हटलं, मेमध्ये. त्या म्हणाल्या, अक्कलकोटचं एक बिऱ्हाड खोलीसाठी थांबलंय, सहा माणसांचं. मे अखेरपर्यंत बघते. नाहीतर खोली मोकळी करून द्यायची.

म्हणजे आता दोन महिन्यांत दुसऱ्यांदा घर जायची पाळी. रात्री जेवले नाही.

२१ एप्रिल

अजिंक्यला फोन लावला आणि या वेळी सोडलं नाही. तारीख सांग म्हटलं. तो जरा वैतागला, मग म्हणाला, "अकरा मेला येतोय आई. अक्कलकोटला दर्शनाला जायचंय, तेव्हा येतो." येतोय म्हणाला. तिघंही. मी लगेच जाऊन दाक्षायणीबाईंना सांगितलं. त्या नुसतं "बरं" म्हणाल्या. त्यांना दुसऱ्याचं सुख बघवत नाही असं मला वाटतं. स्वतःचा येत नाही ना.

४ मे, रविवार

पिंप राखेनं घासलं, उन्हात वाळवलं, नवं पाणी भरलं, वर फडकं बांधलं. ऋतुजासाठी छोटी गुलाबी बादली आणि तांब्या आणला. दोन नव्या चादरी घेतल्या, आपल्या सोलापुरी, पुण्यात अशा मिळत नाहीत. कोपऱ्यात दोरी बांधून पडदा लावला, म्हणजे नवरा-बायकोला आडोसा. मायाक्का बघायला आली. सगळं बघून म्हणाली, चांगलं केलंस. मग जाताना उगीचच माझ्या पाठीवरून हात फिरवला. ती असली नाटकं कधी करत नाही.

मला बाकी धाकधूक एवढीच की अंकिताला संडास बाहेर आहे हे कसं सांगायचं.

११ मे, रविवार

आली. गेली. नीट लिहायला हवं, म्हणून बसले आहे.

नऊपासून दारात उभी होते. साडेअकराला गाडी आली, भाड्याची पांढरी. तिघंही उतरली. ऋतुजा किती उंच झाली आहे, माझ्या खांद्याला लागते. मी सगळ्यांना आधी आंघोळीला चला म्हटलं, पाणी तापवून ठेवलं होतं. अजिंक्य म्हणाला, आंघोळी झाल्यात आई, हॉटेलवर केल्या.

कुठल्या हॉटेलवर? तर काल संध्याकाळीच सोलापुरात आली होती. लॉजवर उतरली. "तुला त्रास नको म्हणून," तो म्हणाला. माझी काळजी आहे त्याला. मी हेच स्वतःला म्हणत पोळ्या लाटल्या. काल संध्याकाळी सहा वाजता मी इथं बसून पडद्याच्या चुण्या नीट करत होते, आणि ती इथून तीन-चार किलोमीटरवर होती.

पुरणपोळी केली होती. अजिंक्यनं दोन खाल्ल्या, अंकितानं अर्धी, गाडी लागते म्हणाली. ऋतुजाला तहान लागली म्हणून मी तांब्या भरून दिला. तिनं आईकडं पाहिलं. अंकितानं पिशवीतून विकतची बाटली काढून तिच्या हातात दिली. "तिचं पोट नाजूक आहे ना आई." मी तांब्या तसाच हातात धरून उभी. मग मीच ते पाणी प्याले. हातातल्या पाण्याचं काहीतरी करायला हवं होतं.

दाक्षायणीबाई आल्या. अजिंक्यनं उठून हात जोडले, तेवढं वळण मी लावलं आहे. त्यांनी तिघांनाही एकेक करून पाहिलं आणि विचारलं, कधी येता ऱ्हायला? अजिंक्यनं माझ्याकडं पाहिलं, मग घड्याळाकडं, आणि म्हणाला, "बघू."

फोनवर हा शब्द ऐकला की मला त्यात कितीतरी दिसायचं. परीक्षा दिसायची, मे महिना दिसायचा, टेंपोत भरलेलं त्यांचं सामान दिसायचं. आज तो बोलला तेव्हा मी त्याच्या तोंडाकडं बघत होते. त्यात काहीच नव्हतं. तो काही वाईट पोरगा नाही. त्याला फक्त तिथून निघायचं होतं.

दाक्षायणीबाई मात्र सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, बरं झालं, बघितली मानसं. म्हणजे माझं काम झालं. आता मला मे अखेरीला कुणी उठवत नाही. सगळ्या कंपाउंडनं चार माणसं डोळ्यांनी पाहिली. येतील येतील म्हणत मी इथं दोन-चार वर्षं सहज काढू शकते.

एक वाजता निघाली. दीड तास झाला सगळा. ऋतुजानं वाकून नमस्कार केला, इंग्रजी शाळेत जाऊनसुद्धा. गाडी वळेपर्यंत मी हात हलवत होते. काचा काळ्या होत्या, आतून कुणी हलवला की नाही ते कळलं नाही.

१२ मे

कामावर गेले. एकशे ऐंशी शर्टांची काजं केली. ऋतुजाची बाटली फळीवर राहिली होती, अर्धी. घरी आल्यावर ती प्याले. पाण्यासारखंच पाणी आहे.

१३ मे

अजिंक्यचा फोन नाही. माझाही नाही.

१४ मे

आज पाण्याचा दिवस. सातला नळ आला. मी रांगेत उभी होते, पिंप भरलेलंच होतं, तरी सोळा घागरी घ्यायच्या म्हणून आले होते. न घेऊन कसं चालेल? माझ्या पुढं मल्लव्वा. तिच्या चोवीस घागरी सहा माणसांत, सहा दिवस. तिचं धाकटं पोर तिच्या पदराला धरून उभं होतं, मानेवर घामोळ्याचे लाल चट्टे.

"चार नंबर, चार."

मी एक घागर लावली. दुसरी लावली, तिसरी, चौथी. मग घागर उचलून बाजूला झाले. दाक्षायणीबाई म्हणाल्या, अजून बारा हायत. मागच्या बायका थांबल्या. नळ नुसताच वाहत होता, तो बंद करायचंही कुणाला सुचलं नाही.

"एकच रेघ ठेवा अव्वा," मी म्हणाले. "मी एकटीच हाय. कुणी येणार न्हाय."

बोलताना मला वाटलं होतं आवाज चिरकेल, पण चिरकला नाही. सरळ निघाला. मल्लव्वानं पुढं होऊन नळ बंद केला. दाक्षायणीबाई खुर्चीतून उठल्या नाहीत.

"मला म्हाईत न्हाय व्हय?" त्या म्हणाल्या. "दोन म्हैनं तुज्या दोरीवर एकाच बाईची कापडं वाळत्यात. मला काय डोळं न्हाईत?"

"मग मला विचारलं का न्हाय?"

"येतील म्हणत हुतीस की," त्या म्हणाल्या. "येतील म्हणणाऱ्याला काय इचारायचं?"

हे त्या माझ्याकडं बघून म्हणाल्या नाहीत. वरच्या मजल्यावरच्या कुलपांकडं बघत होत्या. मी त्यांच्याविषयी या वहीत काय काय लिहिलं आहे ते आठवून मान वर करवेना.

मी विचारलं की खोली कधी सोडू? त्या म्हणाल्या, अक्कलकोटच्या बिऱ्हाडाला त्यांनी मागच्या आठवड्यातच नाही म्हणून कळवलं होतं. म्हणजे ही मंडळी यायच्याही आधी. ऱ्हा, म्हणाल्या. फक्त पाणी आलं आणि दाराला कुलूप असलं तर? त्यांनी मल्लव्वाकडं पाहिलं आणि कानडीत काहीतरी विचारलं. मल्लव्वानं माझ्याकडं न बघता मान हलवली. मग अव्वांनी मला मराठीत सांगितलं, तुझ्या चार घागरी ती भरून ठेवील.

मी मल्लव्वाला म्हटलं, माझं पिंप भरलेलं आहे, मागच्याच पाण्याचं, ताजं आहे, तेवढं घेऊन जा. ती घागर घेऊन आत आली, पडदा, नव्या चादरी, गुलाबी बादली, सगळं बघत. तिनं आठ खेपा केल्या. आठव्या खेपेला पिंपाच्या तळाशी हात घालून तांब्यानं पाणी काढावं लागलं. माझ्याशी ती अजूनही बोलत नाही. बोलेल, नाहीतर नाही बोलणार, तिचा हक्क आहे.

अंगणात आले तर दाक्षायणीबाईंनी खडू नाही, ओलं फडकं माझ्या हातात दिलं. तूच पूस, म्हणाल्या. शेवटची रेघ ऋतुजाची, ती आधी पुसली. मग अंकिताची. अजिंक्यच्या रेघेवर फडकं ठेवलं आणि हात काही पुढं सरकेना. लहानपणी तापात त्याच्या कपाळावर असंच ओलं फडकं ठेवून रात्रभर बसायची मी. मागं दोन नंबरवाली घागर घेऊन उभी होती. पुसली.

मी एकटी आहे. हे मी आज पहिल्यांदाच लिहिते आहे. सहा वर्षं झाली एकटी राहते, पण लिहिलं कधी नव्हतं, म्हटलंही नव्हतं. लिहून फार वाईट वाटतंय.

चार घागरी भरायला चार-पाच मिनिटं लागतात. आज पाण्याचा दिवस असून वेळेवर कामावर पोचले.